चालू इंजिनाचा एक्स-रे

जेट इंजिनाच्या टर्बाइनमध्ये पात्याचं टोक आणि भोवतीचं केसिंग यांच्यात जी फट असते, ती इंजिन चालू असताना जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राहावी अशी अपेक्षा असते. ती पाव मिलिमीटरने कमी करता आली, तर इंधन सुमारे एक टक्का वाचतं आणि मागून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान दहाएक अंशांनी उतरतं. मात्र ती जास्तच कमी केली, तर पातं केसिंगला घासतं. घासलं की टोक झिजतं, फट कायमची मोठी होते आणि वाचवलेलं सगळं इंधन व्याजासकट परत जातं.

बंद इंजिनात ही फट मोजायला फीलर गेज पुरतो. चालू इंजिनाची गोष्टच निराळी. हाताच्या पंजाएवढं पातं मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरू लागलं की काही टनांच्या ओढीने बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. मग उष्णता येते, पण सगळीकडे एकाच वेळी येत नाही. पातळ पातं काही सेकंदांत तापतं. केसिंग त्याच्या मागोमाग तापतं आणि फुलतं. ज्या जाड डिस्कवर पाती बसवलेली असतात, ती तापायला कित्येक मिनिटं लागतात. थ्रॉटल पुढे ढकलल्यापासून इंजिन स्थिरावेपर्यंत ही फट आवळते, सैलावते, पुन्हा आवळते. वैमानिकाने मध्येच थ्रॉटल मागे घेऊन लगेच पुन्हा पुढे सारला, तर प्रसंग आणखी बिकट होतो, कारण केसिंग थंड होऊन आक्रसलेलं असतं आणि आतली डिस्क अजून तापलेलीच असते.

हे सगळं आत घडत असताना बाहेरच्या माणसाला दिसायचं काय? बरीच वर्षं काहीच नाही. केसिंगमध्ये मऊ धातूच्या बारीक पिना बसवायच्या, इंजिन चालवायचं, मग उघडून बघायचं की पिना किती झिजल्या. फट कमीत कमी किती झाली एवढं पिन सांगते. ती कधी झाली, कशामुळे झाली, वरच्या बाजूला की खालच्या, पातं वर आलं की केसिंग खाली आलं, यातलं काहीही ती सांगत नाही.

मी पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आयुष्यभर इंडस्ट्रियल रेडिओग्राफी केली. कास्टिंग, बॉयलरच्या पाइपांचे वेल्ड, प्रेशर व्हेसलचे जोड. आमच्या बोलीत ‘आरटी’. काम रात्रीचं, कारण दिवसा शॉप माणसांनी भरलेलं असतं. दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, शिटी वाजवून सगळ्यांना बाहेर काढायचं, पेनी, म्हणजे चित्राचा दर्जा तपासायची पट्टी, आणि शिशाची अक्षरं लावायची, फिल्म चिकटवायची आणि कॅमेऱ्यातून इरिडियमचा सोर्स बाहेर काढून शॉट मारायचा. इरिडियम-१९२ चं अर्धं आयुष्य चौऱ्याहत्तर दिवसांचं, त्यामुळे एक्सपोजरची वेळ दर आठवड्याला नव्याने काढायची. या साऱ्यात एक अट कधीच मोडायची नाही : सोर्स, जॉब आणि फिल्म, तिघांपैकी कुणीही हलता कामा नये. जॉब केसभर हलला तरी कड फुटते, फिल्म रद्द होते आणि रात्र वाया जाते. कंपनीच्या लायब्ररीत एका ब्रिटिश मासिकात चालू जेट इंजिनाचा रेडिओग्राफ छापलेला पाहिला, तेव्हा ही अट मोडणारी माणसं कोण, हे शोधल्याशिवाय मला राहवेना.

एक्स-रेचा इतिहास आपल्याकडे नेहमी दवाखान्याच्या दारातून सांगितला जातो. राँटगेनच्या पत्नीचा हात, बोटातली अंगठी, पुढे मोडलेली हाडं आणि क्षयाची फुप्फुसं. पण राँटगेनने डिसेंबर १८९५ मध्ये वुर्झबर्गला जो पहिला निबंध सादर केला, त्यात हाताच्या हाडांबरोबरच बंद पेटीतली वजनं आहेत, होकायंत्र आहे, आणि धातूचा असा एक तुकडा आहे ज्याच्या आतला असमानपणा किरणांमुळे उघड झाला. आमचा धंदा त्या तुकड्यापासून सुरू होतो आणि तो दवाखान्याइतकाच जुना आहे. पुढे १९२२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वॉटरटाउन शस्त्रागारात होरेस लेस्टर यांनी दोन लाख व्होल्टची ट्यूब लावून पोलादी कास्टिंगच्या आतले दोष फिल्मवर आणायला सुरुवात केली. तिथून कारखान्यातली रेडिओग्राफी रुळली.

पण दोन लाख व्होल्टमध्ये इंजिन पार होत नाही. जेट इंजिनात किरणाच्या वाटेत एकामागून एक धातू उभा असतो : बाहेरचं केसिंग, आतलं केसिंग, पात्यांच्या रांगा, डिस्कची कड, पलीकडचं केसिंग. त्यात निकेलच्या मिश्रधातूंचे जाड भाग येतात. आमचा इरिडियम साठ-सत्तर मिलिमीटर पोलादापर्यंत नीट काम देतो, त्यापुढे एक्सपोजर लांबतच जातं. इथे हवी होती ती कित्येक पट अधिक भेदक, आणि शिवाय खूप तीव्र, किरणांची तिरीप.

ती आली कर्करोगाच्या दवाखान्यातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसाठी मायक्रोवेव्हचं तंत्र तयार झालं होतं. त्याच लहरींवर इलेक्ट्रॉनांना स्वार करून एका सरळ नळीत वेग देणारं यंत्र, लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘लिनॅक’, युद्धानंतर ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी उभं राहिलं. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने बांधलेल्या ८ एमईव्हीच्या लिनॅकवर पहिल्या रुग्णावर उपचार झाले. आठ एमईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉनाला ऐंशी लाख व्होल्टची ढकल. तो टंगस्टनच्या टार्गेटवर आदळला की निघणारे एक्स-रे तीस मिलिमीटर पोलाद ओलांडल्यावरही निम्मे उरतात. इरिडियमचे गॅमा किरण तेरा मिलिमीटरमध्येच निम्म्यावर येतात. ज्यांनी दोन्ही फिल्म हाताळल्या आहेत, त्यांना या दोन आकड्यांमधलं अंतर वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इंजिनवाल्यांनी हेच ८ एमईव्हीचं यंत्र उचललं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या उत्तरेला पॅचवे आणि फिल्टन ही इंजिनांची आणि विमानांची जुळी गावं. तिथली ब्रिस्टल सिडली कंपनी १९६६ साली रोल्स-रॉइसने घेतली. कॉन्कॉर्डचं ऑलिंपस ५९३ इंजिन याच कारखान्याचं. सी हॅरियर या लढाऊ विमानाचं पेगासस इंजिनही इथलंच, आणि ती विमानं १९८३ पासून २०१६ पर्यंत गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर होती, तेव्हा पॅचवेचा आवाज आपल्या किनाऱ्यानेही ऐकलेला आहे. १९७० च्या दशकात या ब्रिस्टलच्या शाखेतल्या पी. ए. ई. स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू गॅस टर्बाइनची रेडिओग्राफी नेमाने चालणाऱ्या मोजमापाच्या दर्जाला नेली.

जागेचा प्रश्न अर्धा आधीच सुटलेला होता. इंजिनाच्या टेस्ट बेडला आवाजासाठी आणि पातं तुटून उडालं तर ते अडवण्यासाठी काँक्रीटच्या जाड भिंती असतातच, त्या किरणांनाही अडवतात. इंजिन नेहमीसारखं स्टँडवर टांगायचं, एका बाजूला लिनॅकचं डोकं, दुसऱ्या बाजूला शिशाच्या पडद्यांमध्ये धरलेली फिल्म. किरण जिथून निघतात तो ठिपका एक-दोन मिलिमीटरचा असतो. फोकल स्पॉट मोठा आणि फिल्म जॉबपासून लांब असली की कडेभोवती धूसर पट्टा येतो, हे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पेटत्या इंजिनाला तर फिल्म चिकटवताच येत नाही. म्हणून लिनॅक आणखी मागे न्यायचा, म्हणजे धूसरपणा आवरतो. पण अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. लिनॅकच्या प्रचंड तीव्रतेचा खरा उपयोग इथे होतो.

आता मूळ अडचण. लिनॅक सतत किरण देत नाही, तो ठोके देतो : सेकंदाला काहीशे, प्रत्येक काही मायक्रोसेकंदांचा. पात्याचं टोक सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगाने जात असेल, तर चार मायक्रोसेकंदांच्या एका ठोक्यातही ते दीड मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे सरकलेलं असतं. मोजायची फट अर्ध्या मिलिमीटरची. शिवाय फिल्म नीट काळी व्हायला शेकडो ठोके एकावर एक पडावे लागतात. या हिशेबाने फिल्मवर राखाडी धुराशिवाय काही उमटू नये.

मी त्या मासिकातला फोटो भिंगाखाली धरला होता. पाती खरोखरच धूर झालेली होती. एकेक पातं वेगळं दिसत नव्हतं, नुसता फिकट पट्टा. पण त्या पट्ट्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती, तिच्यावर फटीची काळी रेघ होती आणि रेघेच्या वर केसिंगची पांढरी जाड कड. खाली शाफ्टजवळ लॅबिरिंथ सीलचे दात एकेक मोजता येत होते. ही कड स्वच्छ कशी, हे मला कागदावर आकृती काढल्यावर कळलं. किरण इंजिनाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आडवे जातात. इंजिनाच्या अगदी माथ्यावर आलेलं पातंही त्या क्षणी आडवंच जात असतं, किरणांच्याच रेषेत. फिल्मला त्याची ती धाव दिसतच नाही. दिसते ती फक्त उंची, आणि मोजायची असते तीही उंचीच. डिस्क, सील, शाफ्ट हे तर लेथवर काढलेले गोल भाग. गोल वस्तू स्वतःभोवती कितीही जोरात फिरली तरी तिची बाह्यरेषा जिथल्या तिथे राहते. म्हणजे जे सरकतं ते धूसर होऊन आपणहून बाजूला होतं, आणि जे ताणलं जातं, फुलतं, वाकतं ते फिल्मवर उरतं. आमच्या धंद्यातली याहून देखणी युक्ती मला माहीत नाही. एखादं विशिष्ट पातं थिजवून बघायचंच असेल, तर ठोके शाफ्टच्या फेरीशी जुळवून घेण्याचा मार्गही होता, पण नेहमीच्या मोजमापाला त्याची गरज नव्हती.

मोजण्याची रीत साधी होती आणि म्हणूनच भरवशाची. एक शॉट थंड, बंद इंजिनाचा. मग तेच अंतर, तोच कोन ठेवून चालू इंजिनाचे शॉट : आयडल, टेकऑफ, थ्रॉटल मागे घेतल्यावर. फिल्म शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कडा किती सरकल्या ते मोजायचं. फक्त वर-खाली नव्हे, पुढे-मागेसुद्धा. रोटर तापून लांब होतो, हवेच्या दाबाने पुढे ढकलला जातो, आणि सीलचा दात ज्या खोबणीसमोर असायला हवा तिथून सरकतो. केसिंगमध्ये बसवलेला विद्युत प्रोब आपल्यासमोरून जाणाऱ्या पात्याची फट छान मोजतो, पण तो एकाच जागेचा साक्षीदार असतो, आणि सीलसारख्या खोल जागी त्याला पोचवायला इंजिनाला भोकं पाडावी लागतात. भोक पाडलेलं इंजिन मूळच्या इंजिनासारखं तापत नाही. एक्स-रेला भोक लागत नाही.

अटलांटिकच्या पलीकडे प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकी इंजिन कंपनीकडेही चालू इंजिनासाठी एक्स-रेची सोय होती आणि तिचा एक उपयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. बोइंग ७४७ चं जेटी९डी इंजिन सेवेत आल्यावर थोड्याच उड्डाणांत आपली थोडी कार्यक्षमता गमावून बसायचं. एअर इंडियाचं पहिलं ७४७, ‘सम्राट अशोक’, १९७१ साली मुंबईला आलं, त्यालाही हीच इंजिनं होती. टेस्ट बेडवर मात्र अशी घसरण दिसायची नाही. तेलसंकटानंतर इंधनाच्या प्रत्येक टक्क्याला किंमत आली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस नासाच्या मदतीने याचा छडा लावायचं ठरलं. संशय असा होता की टेकऑफच्या वेळी विमान नाक वर करतं तेव्हा इंजिनाच्या पुढच्या काउलवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, हवेचा तिरका भार येतो, त्याने सगळं इंजिन किंचित वाकतं. मग टेस्ट बेडवरच्या इंजिनाच्या काउलला बाहेरून ओढ देऊन तो भार मुद्दाम आणला, इंजिन चालवलं, आणि एक्स-रे व लेझर प्रोब दोन्ही लावून फटी पाहिल्या. केसिंग वाकत होतं, गोलाई बिघडत होती, आणि पाती एका बाजूला घासत होती. हे कारण उघडलेल्या इंजिनात सापडणं कठीण होतं. उघडलेलं इंजिन पुन्हा सरळ झालेलं असतं, मागे राहतात ते एका अंगाचे ओरखडे.

एक्स-रेला एक गोष्ट मात्र नीट दिसत नाही : तेल. पोलादाच्या भिंतीआड तेलाचा पातळ थर फिल्मवर जवळजवळ पारदर्शक असतो, आणि बेअरिंग जळण्याची कारणं बहुधा त्या थरातच असतात. यासाठी न्यूट्रॉन कामाला आले. न्यूट्रॉन धातूतून सहज जातात आणि तेलातल्या हायड्रोजनशी अडखळतात, म्हणजे चित्र नेमकं उलटं येतं : इंजिन फिकं, तेल ठळक. स्ट्यूअर्ट आणि हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी तिथल्या डायडो अणुभट्टीतले मंदगती न्यूट्रॉन चालू इंजिनातून सोडून तेलाचा प्रवाह पडद्यावर पाहिला. डायडो सुरू झाली १९५६ साली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत तुर्भ्याला आपली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली होती आणि तिच्यावरही न्यूट्रॉन रेडिओग्राफीची सोय उभी राहिली, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं. नंतर फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या अणुभट्टीवर जर्मन संशोधकांनी बीएमडब्ल्यूचं चार सिलिंडरांचं इंजिन इलेक्ट्रिक मोटरने मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरवलं आणि पिस्टनच्या पोटावर खालून उडणारी थंडाव्याच्या तेलाची चिळकांडी चित्रात पकडली. दवाखान्याचं ऋण इथेही आहे. १९८४ साली रोल्स-रॉइससाठी म्हणून रुदरफर्ड अ‍ॅपलटन प्रयोगशाळेने पॉझिट्रॉन कॅमेरा बांधला, आज रुग्णांच्या पेट स्कॅनमध्ये वापरतात तेच तत्त्व, आणि इंजिनातल्या वंगणाचा माग काढण्यासाठी तो बर्मिंगहॅम विद्यापीठात चालवला.

आज इंजिनांच्या चाचणीतून फिल्म गेली आहे. डर्बीला रोल्स-रॉइसचा टेस्टबेड ८० हा २०२१ साली सुरू झालेला चाचणीकक्ष फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठा आहे आणि त्यातला एक्स-रे सेकंदाला तीस चित्रं घेतो. थ्रॉटल पुढे गेल्यावर फट कशी आवळते आणि कधी सैलावते हे आता चलच्चित्रासारखं सलग पाहता येतं. ब्रिस्टलच्या मंडळींना एकेका फिल्मसाठी इंजिन तेवढा वेळ एका स्थितीत धरून ठेवावं लागायचं, मग डार्करूम, मग व्ह्यूअर. डिजिटल पॅनेल निःसंशय सरस आहे. तरीही मला मोठेपणा त्या पहिल्या फिल्मवाल्यांचाच वाटतो, कारण काय धूसर होईल आणि काय टिकेल याचा विचार त्यांनी शॉट मारण्याआधी कागदावर केला होता.

फिल्मचा विषय निघालाच आहे, तर आमच्या पट्ट्यातल्या फिल्मबद्दलही सांगायला हवं. एक्स-रे फिल्ममध्ये चांदी असते. रेकॉर्ड ठेवण्याची मुदत संपली की कारखाने फिल्मचे गठ्ठे भंगारात विकतात, घेणारा त्या धुऊन चांदी काढतो आणि उरलेलं प्लास्टिक वेगळं विकतो. भोसरी, पिंपरी, अंबरनाथ, नाशिक, सगळीकडे हेच चालतं. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या पट्ट्यांत ओतलेल्या व्हॉल्व्ह-बॉडी, टर्बाइनची कास्टिंग, धरणांवरच्या पेनस्टॉकचे वेल्ड, यांचं आतलं रूप फक्त त्या फिल्मवर आहे. ज्यांच्या हाती अजून असे गठ्ठे असतील त्या क्वालिटीवाल्यांना, स्टोअरवाल्यांना आणि माझ्यासारख्या निवृत्त रेडिओग्राफरना विनंती आहे : गठ्ठा तराजूवर जाण्याआधी प्रत्येक प्रकारच्या जॉबची एक चांगली फिल्म बाजूला काढा. तिच्यासोबत शॉटचं स्केच, रिपोर्ट आणि वर्ष लिहिलेला कागद ठेवा, आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेटलर्जी विभागाला नेऊन द्या.